डाळिंबाला टेन्शियोमीटर लावून दोन हंगाम झाले
आमचं रान सांगोल्याकडं, जमीन मुरमाड, बाग डाळिंबाच्या भगवा जातीची, हस्त बहार (म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं धरायची). आधी पाणी कसं द्यायचो तर वरची माती उकरायची, कोरडी दिसली की मोटार चालू. लाईटीची बोंब झाली की चार दिवस पाणी नाही आणि मग लाईट आली की रात्रभर ड्रीप, आणि सकाळी बागेत जावं तर काढणीला आलेली फळं उभी तडकलेली, लाल दाणे बाहेर दिसतायत. पोटात तुटायचं अक्षरशः.

उन्हात पानं फळातलं पण पाणी ओढतात, रात्री ते भरून येतं, हे रोजचंच. पण ताण बसून साल कडक झाली आणि नंतर एकदम पाणी मिळालं की दाणे फुगतात, साल काही ताणत नाही, मग फळ तडकणारच. (बोरॉन, कॅल्शियम कमी पडलं तरी तडकतं, ते वेगळं.)

म्हणून टेन्शियोमीटरची, म्हणजे माती किती सुकली ते दाखवणाऱ्या यंत्राची, एक फूट आणि दोन फूट खोल रोवायची अशी जोडी घेतली. खाली सिरॅमिकचा कप, नळीत पाणी, वर घड्याळ. माती सुकली की कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. आम्ही 25-30 सेंटीबारला (हे त्या ओढीचं माप, आकडा जास्त तेवढी माती कोरडी) पाणी सोडतो, भारी काळ्या रानाला हा आकडा धरू नका, तिथं काटा बराच वर जाऊ देतात. दिवसभर काटा सरकत राहतो आणि दिवस मावळला की थांबतो, झाड पाणी पितंय ते डोळ्यांनी दिसतं, मला तर हेच फार आवडलं. आणि पहिल्याच महिन्यात कळलं की एक फुटाला 30 आणि दोन फुटाला 8, म्हणजे वर कोरडं आणि खाली वाफसाच नाही, नुसता चिखल! तेव्हापासून रात्रभर पाणी बंद, थोडं थोडं पण रोज.

तक्रार दुकानदाराची. "पहारीनं भोक पाडा आन् रोवा" एवढंच सांगितलं. कप रात्रभर भिजवायचा, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरायचं, भोकात मातीचा काला ओतून कप घट्ट बसवायचा, यातलं काही नाही, पंधरा दिवस काटा हललाच नाही. आणि 80 च्या पुढं नळीत हवा शिरते, परत भरावं लागतं, म्हणून बाग ताणावर सोडताना (फुलं यावीत म्हणून पाणी तोडतो तेव्हा) आम्ही काढूनच ठेवतो.

यंदा फेब्रुवारीत ऊन वाढल्यावर थोडी फळं तडकलीच, पण आधीसारखी झाडंच्या झाडं नाही. घेणार असाल तर जोडीच घ्या, दोन फुटी नसता तर आम्ही अजून रात्रभर ड्रीपच चालवत बसलो असतो.