३८ राऊंड, १४ जण आणि एक शीट: फुटबॉल अंदाज लीग चालवल्याचा अनुभव

ऑगस्ट २०२४ ते मे २०२५ हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अख्खा सीझन आम्ही १४ जणांनी अंदाज लीग खेळली आणि ती चालवायचं काम माझ्याकडे होतं. राऊंडला दहा सामने, ३८ राऊंड, म्हणजे ३८० सामने. सगळ्यांनी सगळं भरलं असतं तर ५,३२० अंदाज झाले असते. तेवढे झाले नाहीत, पण फार कमीही पडले नाहीत. सुरू करण्याआधी असा अनुभव कुणी मराठीत लिहिलाय का ते मी शोधत होतो. फँटसी टीम कशी लावायची हेच सगळीकडे सापडलं. म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतोय.

फँटसीत खेळाडू निवडायचे असतात. आमच्या लीगमध्ये फक्त स्कोअर सांगायचा. अचूक स्कोअरला तीन पॉइंट, नुसता निकाल बरोबर आला तर एक, बाकी शून्य. राऊंडमधला एक सामना 'डबल' म्हणून निवडायचा, त्याचे पॉइंट दुप्पट. एवढंच.

मी परभणीचा, मोंढ्यात एका आडत दुकानावर हिशोब लिहितो. बाकीचे नांदेड, लातूर, जालना, बीड, धाराशिव इथले, दोघं पुण्यात नोकरीला. २०२२ च्या कतार वर्ल्डकपला रात्री जागणारे आम्ही ऑनलाइन जमलो आणि तसेच राहिलो. त्यातल्या बहुतेकांना मी आजही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तेव्हाच्या फायनलला आम्ही गंमत म्हणून स्कोअर लिहिले होते आणि त्यावरून पहिलं भांडण झालं. नव्वद मिनिटांना २-२, एक्स्ट्रा टाइमनंतर ३-३, मग अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली. तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरं लिहिली होती आणि तिघंही आपलंच बरोबर म्हणत होते. नियम आधी लिहून ठेवला नाही तर काय होतं ते त्या रात्री कळलं.

पहिले तीन राऊंड ग्रुपवरच मेसेजमध्ये घेतले. ते करू नका. लोक लिहितात, "सिटी २-१, आर्सेनल जिंकतंय, बाकी सकाळी सांगतो." मी चहा ठेवून दोन-दोनशे मेसेज मागे जायचो. शिवाय एकाचा अंदाज बघून दुसरा लिहितो, आणि पुढे असलेला माणूस शेवटपर्यंत थांबून मागच्याच्या बरोबर तेच लिहितो. आघाडी टिकवायला ते सोपं, पण खेळ मरतो. मग दोन राऊंड एक तयार ॲप वापरून बघितलं. त्यात पैशाच्या खेळांच्या जाहिराती इतक्या, की नांदेडच्या सरांनी स्पष्ट सांगितलं, "हे माझ्या नातवानं उघडलं तर मला चालणार नाही." सर निवृत्त शिक्षक आहेत. त्याच दिवशी ते ॲप काढलं.

सहाव्या राऊंडपासून ऑनलाइन फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट. हेच शेवटपर्यंत टिकलं आणि माझी शिफारस हीच आहे. फॉर्ममुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसत नाही, आणि प्रत्येक उत्तरावर वेळेचा शिक्का पडतो. लॉक झालं, म्हणजे फॉर्म बंद झाला, की मी सगळ्यांचे अंदाज एकदम ग्रुपवर टाकायचो. सामना सुरू होताना सगळे तो तक्ता वाचत बसायचे. मला तर कधीकधी सामन्यापेक्षा तो अर्धा तास जास्त आवडायचा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण माझी एक पूर्ण रात्र त्यात गेली. फॉर्ममध्ये स्कोअरसाठी एकच रकाना ठेवू नका. मी ठेवला होता. सकाळी शीट उघडली तर २-१ च्या जागी तारीख, ३-० तेवढं तसंच, १-१ ची पुन्हा तारीख. शीटला वाटतं आपण तारीखच लिहिली. यजमानांचे गोल एका रकान्यात, पाहुण्यांचे दुसऱ्यात, असे दोन रकाने केले की हा प्रश्नच राहत नाही. पॉइंट काढणंही सोपं होतं. आधी दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात का बघायचं. नाही जुळले तर यजमानांच्या गोलमधून पाहुण्यांचे वजा करायचे आणि उत्तराचं चिन्ह तपासायचं, अधिक, उणे की शून्य. अंदाजाचं आणि निकालाचं चिन्ह सारखं असेल तर एक पॉइंट. सूत्र एकदा बसवलं की ३८ राऊंड तेच खाली ओढत न्यायचं.

आता घड्याळाचं. यात माझी मोठी चूक झाली.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे करतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे. आपलं घड्याळ बारा महिने एकच. त्यामुळे तिकडचा शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो. त्या सीझनला २७ ऑक्टोबरला घड्याळ बदललं, ऐन दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा मी विसरलो तरी नुकसान झालं नाही, फॉर्म तासभर लवकर बंद झाला इतकंच. दोघं चिडले, मी माफी मागितली, विषय संपला.

३० मार्चला उलटं झालं. त्यानंतरचे पहिले सामने मंगळवारी, १ एप्रिलच्या रात्री. आर्सेनल-फुलहॅम आणि वुल्व्हज-वेस्ट हॅम आपल्या सव्वाबाराला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट-मँचेस्टर युनायटेड साडेबाराला. मी हिवाळ्याच्याच सवयीने लॉक सव्वाएकला ठेवलं आणि झोपलो. मोंढ्यात दिवसभर हळदीची आवक होती, डोळे उघडत नव्हते. फॉरेस्टच्या एलांगाने पाचव्याच मिनिटाला आपल्या अर्ध्या मैदानातून पळत जाऊन गोल केला. आपल्याकडे तेव्हा साधारण बारा पस्तीस झाले असतील. आणि शीटमध्ये बारा एक्केचाळीसच्या शिक्क्याने ग्रुपमधल्या बीडच्या भावाचं उत्तर पडलेलं होतं: फॉरेस्ट १-०. डबलही त्याच सामन्यावर. सामना १-० च सुटला.

हा भाऊ हायवेवरच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो. सकाळी ग्रुप उघडला तर शंभरच्या वर मेसेज. एकाने सरळ लिहिलं होतं, "गोल बघून भरलंय." भावाचं उत्तर एका ओळीचं: "फॉर्म चालू दिसला म्हणून भरला. गाड्या सोडून गोल बघायला येळ कुठंय मला?" आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला.

मी त्याला फोन केला. दोन वर्षांच्या वरची ओळख, पण आवाज पहिल्यांदा ऐकत होतो. मागे ट्रकचा हॉर्न. मी म्हटलं, चूक माझी आहे, लॉकची वेळ मी चुकीची लावली, तुमच्यावर माझा विश्वास आहे. तरी सव्वाबारानंतर आलेलं एकही उत्तर मी त्या रात्रीपुरतं धरणार नाही, माझं स्वतःचं असतं तरी धरलं नसतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझे सहा पॉइंट गेले त्याचं काही नाही. पण कामून चोर म्हणले मला?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याने तसं लिहिलं होतं त्याने दुसऱ्या दिवशी त्याला स्वतः फोन केला. तीन दिवसांनी भाऊ परत आला.

आडतीत शेतकऱ्यासमोर माल तोलायचा आणि पट्टी त्याच्या हातात द्यायची असते. तोल बरोबर असला तरी तो त्याला दिसला पाहिजे. लीगचंही तेच आहे हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर मी प्रत्येक राऊंडच्या आदल्या दिवशी पहिल्या सामन्याची भारतीय वेळ ग्रुपवर टाकायचो आणि दोघांनी 'बरोबर' म्हटल्याशिवाय फॉर्म उघडायचो नाही. शीटच्या सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा आहे का तेही बघून घ्या.

पुढे ढकललेल्या सामन्यांसाठी नियम आधीच हवा. ७ डिसेंबरचा एव्हर्टन-लिव्हरपूल सामना डॅराग वादळामुळे त्याच सकाळी रद्द झाला, तेव्हा आमचे सगळे अंदाज भरून झाले होते. जुने ठेवायचे की नवे घ्यायचे यावर दोन दिवस चर्चा. नांदेडच्या सरांनी तेव्हा एक माहिती सांगितली ती मला फार आवडली. १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये सामन्यांमागून सामने रद्द झाले, तेव्हा सामन्यांच्या निकालांवर लोकांकडून पैसे लावून घेणाऱ्या तिकडच्या फुटबॉल पूल्सवाल्यांनी जाणकारांचं एक मंडळच बसवलं. न झालेल्या सामन्याचा निकाल काय लागला असता हे ते मंडळ ठरवायचं. आम्ही तेवढं पुढे गेलो नाही. सामना होईल तेव्हा नवा अंदाज, असं ठरलं. तो झाला १२ फेब्रुवारीला, आपल्याकडे रात्री एक वाजता, एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवरची पुरुषांची शेवटची मर्सीसाइड डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन टीमचा सामना. पाच जणांनी लिव्हरपूल २-१ लिहिलं होतं. नव्वद मिनिटं संपली तेव्हा २-१. इंज्युरी टाइमही सरत आलेला. आणि ९८ व्या मिनिटाला टारकोव्हस्कीने असा काही सणसणीत फटका मारला, की पाच जणांच्या खात्यातले तीन-तीन पॉइंट एका क्षणात गेले. ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही.

आमच्या भागासाठी सगळ्यात कामाचा ठरलेला नियम: राऊंड चुकला तर शून्य देऊ नका. भरणाऱ्यांत त्या राऊंडला जो सगळ्यात खाली असेल, तेवढेच पॉइंट द्या. सोयाबीनच्या काढणीत धाराशिवच्या दोघांचे ओळीने तीन राऊंड गेले. शून्य धरलं असतं तर दोघंही दिवाळीआधीच सुटले असते. दोघं शेवटपर्यंत खेळले आणि एक जण पाचवा आला.

लातूरचा पोरगा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात होता. ३० डिसेंबर, घरचे सगळे शेतातल्या कोपीपाशी (कडब्याच्या खोपटापाशी) पूजेला, भज्जी-आंबील, पाहुणेरावळे आणि नेटवर्क नाही. बांधावर एका कोपऱ्यात रेंज येते म्हणून तिथं उभं राहून त्याने उरलेले सामने भरले. इप्सविच-चेल्सीला त्याने लिहिलं इप्सविच २-०. इप्सविच तोवर घरच्या मैदानावर एकही सामना जिंकलेलं नव्हतं. आम्हाला वाटलं घाईत आकडे उलटे पडले. रात्री सव्वाएकला सामना सुरू झाला आणि इप्सविच २-० जिंकलं. कसं सुचलं विचारलं तर म्हणे, "आज सणाचा दिस हाय, घरचाच जिंकणार." सीझनभरातला माझा सगळ्यात आवडता अंदाज हाच.

फुटबॉल जास्त कळणारा पुढे राहतो असं मला वाटायचं, म्हणून पंधरावा एक खोटा खेळाडू शीटमध्ये घातला. तो प्रत्येक सामन्याला यजमान २-१ असंच लिहायचा. सीझन संपला तेव्हा आमच्यातले तिघं त्याच्या खाली होते. पहिल्या आलेल्या जालन्याच्या ताईंचे २९१ पॉइंट. ताई रात्री जागून सामने फारसे बघत नाहीत. दुखापती आणि आठवड्यात किती सामने झालेत तेवढं बघायचं आणि मोठ्या टीमला ३-०, ४-० देण्याचा मोह टाळायचा, एवढीच त्यांची पद्धत. १-०, १-१, २-१ यांच्या आसपास राहायचं.

मध्यंतरी एकाने शंभर-शंभर रुपये लावू म्हणून सुचवलं. मी नाही म्हटलं आणि यापुढेही नाहीच म्हणेन. एक तर महाराष्ट्रात जुगाराचा १८८७ चा कायदा आहे. दुसरं म्हणजे १ एप्रिलची ती रात्र पैसे लावलेले असताना आली असती तर बीडच्या भावाला मी कधीच परत आणू शकलो नसतो. बक्षीस म्हणून जालन्याच्या ताईंच्या बागेतले केसर आंबे ठरले होते. त्याच पहिल्या आल्या, तर त्यांनी दुसऱ्या आलेल्या लातूरच्या पोराला पेटी पाठवली.

२७ एप्रिलला लिव्हरपूलने टॉटेनहॅमला ५-१ हरवून विजेतेपद घेतलं. खालच्या लीगमध्ये जाणाऱ्या तिन्ही टीम, साउदॅम्पटन, लेस्टर, इप्सविच, त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ठरून गेल्या होत्या. ३ मेचा लेस्टर-साउदॅम्पटन सामना तिकडे कुणाला फारसा महत्त्वाचा राहिला नव्हता. आमच्याकडे त्यावर जितकी चर्चा झाली तितकी विजेतेपदावरही झाली नाही, कारण ताई आणि लातूरचा पोरगा दोघांनीही डबल त्याच सामन्यावर लावला होता. नुसता पॉइंट टेबल बघणाऱ्याचा सीझन एप्रिलमध्येच संपतो. आमचा २५ मेच्या रात्रीपर्यंत चालला, वळवाच्या पावसात लाइट गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात.

२०२५-२६ च्या सीझनचाही फॉर्म तयार केला. पहिला सामना लिव्हरपूल-बोर्नमथ, १५ ऑगस्ट २०२५, म्हणजे आपल्याकडे १५ ची रात्र उलटून साडेबाराला होता. लॉकची वेळ आता मी एकटा लावत नाही. मी टाकतो आणि बीडचा भाऊ तपासतो. रात्री जागाच असतो, म्हणून हे काम त्यानेच मागून घेतलंय.