भुताच्या बालनाट्याचं पोस्टर: क्रीपस्टर, चिलर की नोसिफर?

नाटक मुलांचं आणि नाव भुताचं, म्हणजे अक्षरांनी घाबरवायचं आणि हसवायचंही. त्यासाठी फॉन्ट शोधायला बसलं की ही तीन नावं हमखास समोर येतात.

नोसिफर आधीच बाजूला ठेवा. प्रत्येक अक्षरातून रक्त ओघळतं, गंमत कुठेच नाही. लांबून तर शब्दही लागत नाही.

चिलर हा अँड्र्यू स्मिथ यांचा १९९५ सालचा फॉन्ट. कोरड्या ब्रशने घाईघाईत ओरबाडल्यासारखी अक्षरं. स्मॉल लेटर्स असल्यामुळे अख्खं वाक्यही वाचता येतं, ही त्याची जमेची बाजू. पण मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येत असल्याने तो इतक्या पार्ट्यांच्या आमंत्रणांवर दिसलाय की आता कुणी दचकत नाही.

माझं मत क्रीपस्टरला. साइडशोने केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्यात आहे, तिकीट लावून केलेल्या प्रयोगालाही चालतो. अक्षरं जाड, वाकडीतिकडी, जुन्या स्वस्तातल्या भयपटांच्या पोस्टरवरची वाटतात. तेच अक्षर दोनदा हुबेहूब आलं की हाताने रंगवल्याचा आभास मोडतो. इथे अक्षरांच्या बऱ्याच जोड्या मुद्दाम वेगळ्या काढल्यात, म्हणून लिगेचर (अशा जोड्या आपोआप बसवणारी सोय) चालूच ठेवा.

आता खरी अडचण. तिघांपैकी एकातही देवनागरी नाही. मग लोक साधा मराठी फॉन्ट घेतात आणि त्याला खालून ओघळ चिकटवतात. इथेच घात होतो! ‘वेताळ’मधल्या ‘व’खाली ओघळ आला की लांबून तो उकार वाटतो. वर उडवलेला शिंतोडा अनुस्वार होतो. शिरोरेषेवरून लांब थेंब सोडलात तर काना. रोमन अक्षरांच्या वर-खाली अशी दंगामस्ती खपून जाते. आपल्याकडे तिथे मात्रा-वेलांट्या राहतात.

म्हणून खेळ शिरोरेषेशी करा. ती मध्येच झोळ पडलेली, कडा खाल्लेली, ब्रश सुकत गेल्यासारखी काढा. पायाला ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा देवनागरी फॉन्ट घ्या: गुबगुबीत अक्षरं, आतल्या फटी अगदी बारीक, त्यामुळे भूतही गोंडस दिसतं. ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. त्यात ब्रशचा फटकारा जास्त खरा, पण चेहरा जरा गंभीर. मोठ्यांच्या नाटकाला तो घ्या. दोन्ही खुल्या परवान्यातले, त्यामुळे आकार मोडायला हरकत नाही.

नाव चार-पाच अक्षरांचंच असेल, तर फॉन्टचा नाद सोडा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं हातानेच रेखाटली होती. ओळखीतल्या पेंटरकडून काळ्या रंगात कागदावर मोठं लिहून घ्या, स्कॅन करा, रंग नंतर संगणकावर भरा. तारीख, वेळ आणि तिकिटाचे दर मात्र ‘मुक्त’ या साध्या फॉन्टमध्येच ठेवा.