टेपच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय बिल पास करू नका

मे महिन्यात गच्चीवर बसवलेला कुठलाही रेडिओ, म्हणजे बिनतारी माहिती पाठवणारं यंत्र, चालतो. लॅपटॉपवर उणे ६० डीबीएम, म्हणजे दणकट सिग्नल, दिसतो, कॉन्ट्रॅक्टर स्क्रीनशॉट जोडून हॅन्डओव्हरवर सही घेतो आणि चेक घेऊन जातो. फसवणूक उघडी पडते जुलैत, आणि तोवर कॉन्ट्रॅक्टरसाहेबांचा फोन लागत नाही.

अंधेरीकडच्या एका कारखान्यात हेच झालं. टाकीतली पाण्याची पातळी पंपहाऊसला कळवणारी रेडिओ लिंक पावसाळ्यात तुटायला लागली. कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर ठरलेलं : ‘पावसात सिग्नल जातोच.’ ही थाप आहे. रेडिओची फ्रिक्वेन्सी ८६५ मेगाहर्ट्झ काय किंवा २.४ गिगाहर्ट्झ काय, एवढ्याशा अंतरात सरींनी सिग्नलला जाणवेल असा फरक पडत नाही. आणि इथे तर पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी लिंक सावरत नव्हती. याचा अर्थ पाणी हवेत नव्हतं, केबलमध्ये होतं.

बिलात ‘वेदरप्रूफिंग, १२ जॉइंट’ अशी ओळ होती, म्हणजे केबलचे बारा जोड पाण्यापासून बंद केल्याचे पैसे. जॉइंट चिरला तर साध्या काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे आणि वर फासलेलं सिलिकॉन. तेही लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं. त्यातून सुटणारं अॅसिड तांबं-पितळ खातं. एन कनेक्टरमध्ये, म्हणजे अँटेनाची केबल जोडणाऱ्या आटेदार जोडात, हिरवी पूड जमली होती. केबलचं आवरण सोललं तर आतली तारेची जाळी हातभर काळी. जाळीतून पाणी वातीसारखं चढतं, त्यामुळे नुसता कनेक्टर बदलून भागत नाही, केबलच टाकावी लागते.

बरोबर काम असं होतं. कनेक्टर स्पॅनरने आवळायचा. त्यावर पीव्हीसी टेपचा एक थर, म्हणजे उद्या सोडवताना रबर धातूला चिकटून बसत नाही. मग सेल्फ अमाल्गमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबर टेप : चांगली ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, कनेक्टरच्या पुढे दोन्हीकडे दोन-तीन सेंटीमीटर केबलवर जाईपर्यंत, दोन थर. शेवटी उन्हात टिकणारी पीव्हीसी टेप, आणि ती खालून वर. कौलं शाकारतात तशी. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक घडी पाण्याला तोंड उघडून बसते. शेवटचं टोक ब्लेडने कापायचं, ओढून तोडलं की ते उकलतं. एका जॉइंटला रबर टेप अर्धा ते पाऊण मीटर लागते, म्हणजे १२ जॉइंटांत १० मीटरच्या रोलातली सहा ते नऊ मीटर टेप जाते. उरलेला रोल मागून घ्या. आमच्या मते हा सगळ्यात स्वस्त ऑडिट आहे.

त्याच बिलात ‘शुद्ध तांब्याची आउटडोअर कॅट ६’ होती, म्हणजे रेडिओला वीज आणि डेटा पोचवणारी लॅन केबल. तार ब्लेडने खरवडली, आत चंदेरी : तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे लांब केबलवर रेडिओपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं आणि ट्रान्समिट करताना तो रीस्टार्ट होतो. वरचं आवरण घरात वापरायच्या राखाडी पीव्हीसीचं होतं; मुंबईच्या उन्हात त्याला चिरा पडतातच. ही खरवडण्याची परीक्षा मात्र लॅन केबललाच लावा. एलएमआर ४०० सारख्या अस्सल कोअॅक्सची, म्हणजे अँटेनाच्या केबलची, मधली तारही तांब्याने मढवलेलं अॅल्युमिनियमच असते, कारण या फ्रिक्वेन्सीला करंट पृष्ठभागावरूनच धावतो. तिथे खरवडून भांडलात तर तोंडघशी पडाल. कोअॅक्समधली लबाडी वेगळी : बोटाएवढ्या जाड, १०.३ मिलिमीटरच्या केबलचे पैसे घेऊन ५ मिलिमीटरची आरजी ५८ ओढतात. व्हर्नियर लावला की कळतं.

क्लॅम्पचंही तेच. ‘एसएस ३१६’ हे गंजाला जास्त दाद न देणारं स्टेनलेस स्टील लिहून हलकं ३०४ देतात, खाऱ्या वाऱ्यात त्यावर तांबूस डाग उठतात. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम फक्त ३१६ मध्ये असतं, ते ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकावा लागतो. आणि रेडिओचा डबा? केबल वरून किंवा बाजूने आत घेतली असेल तर आयपी ६७, म्हणजे पाणी-धूळ आत न शिरण्याचा शिक्का, भरवशाचा नाही. ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथले आवळायचे बूच, तळाला हवेत, केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ हवा. उन्हाने तापलेला डबा सरीने एकदम गार होतो आणि ढिल्या ग्लँडमधून पाणी आत ओढतो. त्यासाठी तळाला ब्रीदर व्हेंट, म्हणजे हवा सोडणारं पण पाणी अडवणारं छिद्र, लावतात. तो बिलात असतो, डब्यावर नसतो.

सर्वांत महाग पडतो तो ‘इम्पोर्टेड, लायसन्स फ्री’ रेडिओ. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ मोकळा आहे, भारतात नाही. इथे त्याचा बराचसा भाग मोबाइलच्या पट्ट्यात येतो. आपल्याकडे त्या जागी ८६५ ते ८६८. मॉडेल नंबरासह ईटीए सर्टिफिकेट, म्हणजे उपकरणाच्या सरकारी मंजुरीचा दाखला, मागा आणि नंबर डब्यावरच्या स्टिकरशी जुळवा.

वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या : प्रत्येक जॉइंटचे तीन फोटो, उघडा, रबर टेपनंतर आणि शेवटचा, हॅन्डओव्हरला तुम्ही बोट दाखवाल तो एक जॉइंट चिरून दाखवायचा आणि पुन्हा बांधून द्यायचा, २० टक्के रक्कम सप्टेंबरअखेर. चिरायच्या अटीवर जो कुरकुरतो त्याचं कोटेशन तिथेच परत करा.