होडीची मोटार दुरुस्तीला देणाऱ्यांनो, सावध राहा: माझे ५०,१५० रुपये कसे गेले

येलदरीच्या जलाशयावर, तसेच मराठवाड्यातील इतर धरणांवर ज्यांच्या होड्यांना जुन्या टू-स्ट्रोक मोटारी बसवलेल्या आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. छत्रपती संभाजीनगरातील एका वर्कशॉपने मला पद्धतशीर फसवले. नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे जात आहे. पण फसवण्याची रीत सविस्तर सांगतो, म्हणजे हाच मनुष्य दुसऱ्या नावाने तुमच्या काठावर आला तरी तुम्हाला ओळखता येईल.

आमची मोटार १५ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची आणि जुनी आहे. धाकटा भाऊ तिच्यावर जाळी टाकायला जातो. पावसाळ्यानंतर पाणी चढले आणि तिची ताकद कमी झाली. हळू चालवली तर आवाज अगदी व्यवस्थित असे, पण वेगाचा दांडा पूर्ण फिरवला की थोडे अंतर जाऊन ती दमायची आणि भरलेली होडी जागेवरच रेंगाळायची. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, प्लग नवे होते, पाण्यातल्या पंख्यात जाळ्याचा दोरा अडकलेला नव्हता. एवढे आम्ही स्वतः पाहिले होते. भावाने आणखी एक गोष्ट पाहिली होती. टाकीकडून येणाऱ्या पाइपवरचा रबरी फुगा चालत्या मोटारीत हाताने दाबत राहिले की ताकद परत येते आणि दाबणे थांबवले की पुन्हा जाते.

त्या मेकॅनिकला आम्ही हे सर्व सांगितले. वर्कशॉपची माहिती दुसऱ्या धरणावरच्या ओळखीच्या माणसाकडून मिळाली होती, मेकॅनिक कोकणात ट्रॉलरवर काम केलेला आहे असे सांगण्यात आले होते, आणि तो स्वतःच्या खर्चाने काठावर आला होता. भावाने फुग्याची गोष्ट सांगताच तो क्षणभर गप्प झाला. मग त्याने मोटारीबद्दल एकही प्रश्न न विचारता, "दिवसाला माल किती निघतो, दादा?" असे विचारले. त्याच क्षणी मी मोटार उचलून घरी न्यायला हवी होती. रोग काय आहे हे त्याला तेव्हाच कळले होते. आता फक्त आमच्या खिशात किती आहे, हे त्याला मोजायचे होते. ते गप्प होणे मला आजही झोपू देत नाही. मात्र फुगा दाबण्याचा अर्थ मला त्या वेळी माहीत नव्हता आणि तो माहीत असणे हे माझे काम नव्हते. ज्याला माहीत असायला हवा, त्यालाच आम्ही बोलावले होते.

त्याने प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला, दोरी ओढली आणि "कॉम्प्रेशन संपलंय, ब्लॉक गेला" असा निकाल दिला, म्हणजे सिलिंडर झिजले आणि आतला दाब धरत नाहीत. त्याच्याजवळ कॉम्प्रेशन मोजायचा गेज नव्हता. येथे थांबून सांगतो की जो मेकॅनिक आकडा न दाखवता ब्लॉक गेल्याचे सांगतो, त्याला मोटार देऊ नका. दोन्ही प्लग काढून, दांडा पूर्ण उघडून दोन्ही सिलिंडर मोजायला फार वेळ लागत नाही, आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे व पुरेसे असतील तर ब्लॉक उघडण्याचे कारणच उरत नाही.

रिबोअर (सिलिंडर आतून कोरून मोठे करणे), दोन मोठ्या मापाचे पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट मिळून ३८,५०० रुपये ठरले. १५,००० रुपये आगाऊ दिले, "किट मुंबईहून यायचे आहे" म्हणून पुढे १२,००० दिले, आणि मोटार ताब्यात घेताना उरलेले ११,५०० दिले. सर्व रक्कम यूपीआयने दिली, पण बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर ना जीएसटी क्रमांक होता, ना सुट्या भागांची यादी.

मोटार ताब्यात घेतली तेव्हा ती रंगवून चकचकीत केलेली होती. त्याने ती पाण्याच्या ड्रममध्ये चालवून दाखवली आणि ती जोरात गरजली. ड्रममध्ये गरजणाऱ्या मोटारीवरून काहीही सिद्ध होत नाही, कारण तेथे होडी ढकलण्याचा भारच नसतो आणि आमची तक्रार केवळ भाराखालची होती. मी पाण्यावर चाचणी मागितली. त्यावर तो म्हणाला, "नव्या रिंगा आहेत मालक, लगेच भार दिला तर घासतील." नव्या रिंगांना सुरुवातीला जपावे लागते हे खरे आहे आणि म्हणूनच त्याचे खोटे खपले. मोटारीचे झाकण उघडे असताना मला हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या भागाच्या, बोल्टांवरचा जुना रंग न तडकलेला दिसला होता. पाना लागलेल्या बोल्टाचा रंग कडेला उडतो, हे शेतातले इंजिन उघडणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. मी नीट पाहावे म्हणून वाकलो, तोच त्याने झाकण लावले. भाड्याचा टेम्पो बाहेर उभा होता, भाऊ जाळी पाण्यात सोडून माझी वाट पाहत होता, आणि पूर्ण पैसे दिलेल्या माणसासमोर बोल्ट मोजत बसण्याचे मला सुचले नाही.

जलाशयावर मोटार पुन्हा पूर्वीसारखीच दमली. फोनवर "रनिंग-इन होऊ द्या", म्हणजे नवे भाग आधी नीट बसू द्या, हे उत्तर मिळत राहिले, नंतर उत्तर मिळणेही बंद झाले. अखेर नांदेडच्या एका वयस्कर मेकॅनिककाकांनी ती आमच्यासमोर तपासली. गेजवर दोन सिलिंडरांचा दाब ११८ आणि ११५ पीएसआय (दाबाचे एकक) दाखवला, म्हणजे कॉम्प्रेशन कधी गेलेच नव्हते. पुरावा हवा म्हणून त्यांना हेड उघडायला लावले. सिलिंडर मूळच्याच मापाचे होते. मोठ्या मापाच्या पिस्टनच्या माथ्यावर वाढीव माप कोरलेले असते, तसे काहीही तेथे नव्हते, आणि कार्बनचा जुना थर जसाच्या तसा होता. एवढेच नव्हे तर पंखाही बदललेला निघाला. आमच्या पंख्यावरचा आकडा भावाच्या जुन्या फोटोत वाचता येतो. परत आलेल्या पंख्यावर दुसराच आकडा आहे आणि त्याची पाती झिजलेली आहेत.

खरा रोग पेट्रोल पंपाच्या पातळ पडद्यात होता. टू-स्ट्रोक मोटारीत हा पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने हलतो आणि पेट्रोल ओढतो. तो कडक झाला की कमी वेगाला पुरेल एवढे पेट्रोल येते, पूर्ण वेगाला येत नाही. फुगा दाबल्यावर ताकद येते ती यामुळेच, कारण तेव्हा पंपाचे काम आपला हात करीत असतो. पाइपचे आतले अस्तरही मऊ होऊन सुटू लागले होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. परंतु जुन्या मोटारींचे रबर त्या पेट्रोलसाठी बनलेले नाही, शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका आणि पाइप, फुगा, पडदा वेळेवर बदला. दमणारी मोटार तशीच रेटूही नका. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल या मिश्रणावर चालणाऱ्या मोटारीत वंगण पेट्रोलबरोबरच येते, म्हणून पेट्रोल कमी पडले की पिस्टन कोरडा पडतो. आमचा ब्लॉक वाचला, हे नशीब.

पडद्याचे किट ६४० रुपये, पाइप व फुगा १,१८० आणि मजुरी ८०० असे २,६२० रुपयांत काम झाले. वर्कशॉपचे ३८,५००, टेम्पोचे २,४००, नव्या पंख्याचे ७,८०० आणि केवळ लबाडी सिद्ध करण्यासाठी हेड उघडण्याचे, गॅस्केटसह १,४५०, असे ५०,१५० रुपये निष्कारण गेले.

यानंतर जे झाले त्याचा संताप त्या मेकॅनिकवरच्या संतापापेक्षा जास्त आहे. पोलिसांकडे गेलो तर अर्ज न वाचताच "हे दिवाणी आहे" असे सांगण्यात आले. न केलेल्या कामाचे पैसे घेणे आणि मोटारीचा पंखा काढून घेणे हे दिवाणी कसे, याचे उत्तर कोणी दिले नाही. नंतर व्यवहार संभाजीनगरात झाला म्हणून तिकडे जा, असे झाले. तिकडे गेलो तर पैसे गावातून पाठवले म्हणून गावाकडे जा, असे झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यायची असते आणि हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी हे म्हटले तेव्हा समोरच्या साहेबांनी "वकील आहात का?" असे विचारले. नाही, मी वकील नाही. मासेमारीवर घर चालवणारा माणूस आहे, आणि माझ्यासारख्याने कायदा वाचून यावे लागते हीच शरमेची गोष्ट आहे. तक्रार नाकारली तर त्याच कलमानुसार तिचा सारांश लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येतो. मी पाठवला. पोच आली आहे, उत्तर नाही. तोंडी तक्रार करून परत येऊ नका, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.

ग्राहक तक्रारीबाबतही "मोटार धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही" असे एका कार्यालयात ऐकवले गेले. हे चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला ग्राहकच मानले आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी गेजचे फोटो, पिस्टनच्या माथ्याचे फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि मेकॅनिककाकांची लेखी तपासणी जोडून तक्रार तयार केली आहे.

मोटार कोणाकडेही सोडण्यापूर्वी तिचा क्रमांक, पंख्यावरचा आकडा, कार्बोरेटर आणि कॉइल यांचे फोटो काढा. हेडच्या बोल्टावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. बोल्ट उघडला गेला तर रेघ सहसा जुळत नाही. काढलेले जुने भाग परत मागा. शेवटचा हप्ता पाण्यावर, भरलेल्या होडीत चाचणी झाल्याशिवाय देऊ नका. आणि ज्यांनी अलीकडे संभाजीनगरातील एखाद्या वर्कशॉपमध्ये ब्लॉकचे काम करून घेतले आहे, त्यांनी आजच झाकण उघडून बोल्टांवरचा रंग पाहावा. न उघडल्याची खूण दिसली तर पंखाही तपासावा आणि हेड दुसऱ्या मेकॅनिककडून फोटो काढतच उघडून घ्यावे, कारण आयोगासमोर हेच फोटो मागितले जातील.