पँडोरा की गॅलेक्सीज एज? सोलापुरातून जाणाऱ्या घरासाठी

मुलगा नाहीतर लेक अमेरिकेत, आईबाबांना व्हिसा मिळालाय, फ्लोरिडातल्या ओरलँडोला जायचं पण ठरलंय, आणि डिझनीसाठी हातात दिवस एकच. नातू म्हणतोय स्टार वॉर्स, सून म्हणतेय अवतार. या दोन सिनेमांवर डिझनीने पार्कात दोन जगं उभी केलीत, स्टार वॉर्सचं गॅलेक्सीज एज आणि अवतारचं पँडोरा. सोलापुरात आता हा प्रश्न बऱ्याच घरात निघतो आणि नेटवर जी उत्तरं सापडतात ती तिकडच्या लोकांनी तिकडच्याच लोकांसाठी लिहिलेली असतात, त्यात शाकाहारी, गुडघे दुखणाऱ्या, इंग्रजी सिनेमा कधी न बघितलेल्या माणसाचा कुणी विचारच करत नाही. आम्ही घरच्यांना घेऊन दोन्हीकडे फिरलोय म्हणून जरा नीट लिहितो.

आधी एक गोष्ट, ही दोन्ही जगं ओरलँडोत असली तरी एका गेटाच्या आत नाहीत. पँडोरा आहे ॲनिमल किंगडम पार्कात आणि गॅलेक्सीज एज आहे हॉलिवूड स्टुडिओज पार्कात, दोन्हीची तिकिटं वेगळी. दोन्ही एका दिवसात करता येतील असं पार्क हॉपर नावाचं महागडं तिकीट मिळतं, पण साठीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर त्या नादाला लागूच नका. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, ॲनिमल किंगडम त्यातल्या त्यात स्वस्त, गर्दी नसलेल्या दिवशी एका माणसाचं साधारण 120 डॉलरपासून सुरू होतं आणि हॉलिवूड स्टुडिओज त्याहून वर. तीन वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही.

आणि तुमचा मुलगा कॅलिफोर्नियात असेल तर निम्मा प्रश्न तिथंच सुटला, कारण गॅलेक्सीज एज तिकडच्या जुन्या डिझनीलँडमध्ये पण आहे, उलट तिथंच आधी उघडलं, 31 मे 2019 ला, ओरलँडोचं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. त्या एकासाठी फ्लोरिडापर्यंत विमानाचा खर्च करायची गरज नाही. पँडोरासाठी मात्र ओरलँडोच गाठावं लागतं.

आता पँडोरा. जेम्स कॅमेरॉनचा अवतार सिनेमा 2009 चा आणि हे पँडोरा उघडलं 27 मे 2017 ला, साधारण 12 एकरात. गोष्ट अशी धरलीय की सिनेमातली माणसांची आणि नावींची, म्हणजे पँडोरावरच्या निळ्या लोकांची, लढाई होऊन खूप वर्षं झालीत, आता सगळं शांत आहे, खाणवाल्यांनी ओरबाडलेलं जंगल परत उभं राहतंय आणि आपण पाहुणे म्हणून ते बघायला आलोय. हे मला फार आवडलं, कारण पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला काही करून दाखवावं लागत नाही. आमच्या आईने सिनेमा बघितलेला नव्हता, गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाली, "राहू दे की ओ, बघू दे मला." आणि ती खरंच बघत बसली. डोक्यावर डोंगर तरंगतायत, त्यातून पाणी पडतंय, खाली ओढा वाहतोय. डोंगर अर्थातच पोलादी सांगाड्यावर उभे आहेत पण आधार वेलींच्या आत असे लपवलेत की शोधून पण पटकन सापडत नाहीत. झाडं काही खरी काही बनवलेली, आणि एकमेकांत अशी मिसळलीत की हात लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

राइड दोनच. एक बोटीची, नावी रिव्हर जर्नी, चारेक मिनिटं अंधारातनं हळूहळू बोट जाते, दोन्ही बाजूला चमकणारं जंगल आणि शेवटी एक भलीमोठी नावी बाई गाणं म्हणत असते, यंत्राची आहे पण तिच्या हाताची बोटं आणि चेहरा इतका जिवंत की आमच्या मावशीने तिला चक्क नमस्कार केला. उंचीची अट नाही, धक्के नाहीत, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे बसतात. थरार पाहिजे असणाऱ्याला ही बोट मिळमिळीत वाटेल हे पण सांगून ठेवतो, तिच्यासाठी तासभर लाइनीत उभं राहू नका.

दुसरी फ्लाइट ऑफ पॅसेज, तिच्यासाठी लोक धावत सुटतात. मोटरसायकलवर बसल्यासारखं पाय टाकून बसायचं, थ्रीडी चष्मा, समोर प्रचंड पडदा, आणि तुम्ही बॅन्शी नावाच्या उडत्या प्राण्याच्या पाठीवर. मांड्यांच्या मध्ये तो प्राणी श्वास घेतोय हे खरंच जाणवतं, जंगलाचा वास येतो, तोंडावर पाण्याचा फवारा येतो, आणि कड्यावरून खाली सूर मारला की गड्ड्याच्या जत्रेतल्या मोठ्या पाळण्यासारखा पोटात गोळा येतो. उंची 112 सेंटिमीटर तरी पाहिजे. पाठीला आणि पोटऱ्यांना मागून पट्ट्या लागतात म्हणून जाड पोटऱ्यावाल्यांना किंवा अडकल्यासारखं वाटून घाबरणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. ज्याला घाटात गाडी लागते त्याने सरळ बाहेर थांबावं. लाइन दीड-दोन तास सहज असतंय.

आता एक गोष्ट जी पॅकेज विकणारे सांगत नाहीत. पँडोराची खरी मजा अंधार पडल्यावर, झाडं चमकतात, पायाखालचा रस्ता सुद्धा चमकतो. पण ॲनिमल किंगडम पार्क लवकर बंद होतं आणि फ्लोरिडात जूनमध्ये सूर्य मावळायला सव्वाआठ-साडेआठ होतात, म्हणजे मे-जूनच्या सुट्टीत गेलात तर चमकणारं जंगल बघायच्या आधीच बाहेर काढतील. डिसेंबर-जानेवारीत साडेपाच-सहालाच सूर्य मावळतो. त्यामुळे पँडोरा निवडताय तर थंडीतच जा, नाताळचा आठवडा सोडून. सिद्धेश्वराची यात्रा उरकली, गड्डा फिरून झाला की जानेवारीच्या शेवटी निघायचं, हे सगळ्यात चांगलं.

उन्हाचं पण बोलतो. सोलापूरकराला वाटतं आपण मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस सोसतो, आपल्याला काय होणार. पण तिकडचं ऊन दमट आहे, आकडा कमी असतो आणि घाम वाळतच नाही, वर उन्हाळ्यात दुपारी हमखास गडगडाट होऊन पाऊस. आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथं कामी येत नाही. गॅलेक्सीज एजला हे जास्त जाणवतं कारण तिथं सगळीकडे दगड, झाडं कमी आणि सावली पण कमी.

तर गॅलेक्सीज एज. साधारण 14 एकर, बाटू नावाच्या ग्रहावरचं ब्लॅक स्पायर हे गाव, तस्करांचं आणि बंडखोरांचं. सिनेमातलं कुठलंच ओळखीचं ठिकाण नाही, मुद्दाम नवीन रचलंय, आणि इथं तुम्ही पाहुणे नाही तर गोष्टीतलं पात्र. दुकानदार "ब्राइट सन्स" म्हणून नमस्कार करतो, तुम्ही कुठल्या ग्रहावरून आलात विचारतो, सैनिक रस्त्यात अडवून जाब विचारतात. पाट्या वेगळ्याच लिपीत, कोकची बाटली सुद्धा गोल बाँबसारखी आणि नाव त्याच लिपीत. रस्त्यावर यंत्रमानवांच्या चाकांचे ठसे उठवलेत. ज्याने हे सिनेमे लहानपणापासून बघितलेत त्याच्या डोळ्यात इथं पाणी येतं, मिलेनियम फाल्कन हे यान खऱ्या मापाचं समोर उभं आहे, शंभर फुटाच्या वर लांब, आमचा भाचा त्याच्यासमोरून हलायलाच तयार नव्हता आणि मला ते अगदी समजत होतं.

पण ज्याने सिनेमे बघितले नाहीत आणि ज्याला पटपट इंग्रजी बोलायला अवघड जातं त्याला इथं बाजूला पडल्यासारखं होतं. माझं खरं मत इथंच आहे, पँडोरा बघायचं असतं आणि गॅलेक्सीज एज खेळायचं असतं. स्मगलर्स रन राइडमध्ये सहा जण यान चालवतात, दोन पायलट, दोन गोळ्या झाडणारे, दोन इंजिनियर. डावीकडचा पायलट डावं-उजवं बघतो, उजवीकडचा वर-खाली, आणि सूचना भराभर इंग्रजीत. आजोबांना पायलट केलंत तर त्यांनाही मजा नाही आणि मागच्यांनाही नाही, त्यांना इंजिनियर करा, चमकणारी बटणं दाबत राहायची. उंची 97 सेंटिमीटर. एकेकट्या माणसांची वेगळी लाइन आहे, ती बरीच पटपट सरकते.

राइज ऑफ द रेझिस्टन्स मात्र वेगळीच गोष्ट आहे आणि नुसत्या राइडचाच विचार केला तर फ्लाइट ऑफ पॅसेजपेक्षा ही वरचढ, माझ्या मते तरी. सगळं मिळून साधारण 18 मिनिटं. आधी तुम्हाला बंडखोरांच्या यानात चढवतात, ते यान वाटेत पकडलं जातं, दार उघडतं आणि समोर भलंमोठं दालन, 50 स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचे पांढऱ्या चिलखतातले सैनिक, रांगेत उभे. तिथून कैदी म्हणून कोठडीत, मग भिंत कापून सुटका, मग रूळ नसलेल्या गाडीत बसून पळापळ, डोक्यावर अवाढव्य चालणारी यंत्रं. उंची 102 सेंटिमीटर. शेवटी एक छोटी घसरण आहे, बाकी धक्के फार नाहीत, इंग्रजी कळलं नाही तरी पकडलं गेलंय आणि पळायचंय एवढं सगळ्यांना कळतं. यंत्रणा किचकट असल्यामुळे ही राइड मधूनमधून थांबते, म्हणून संध्याकाळवर ढकलू नका, सकाळी पहिली हीच.

खाण्यापिण्याचं पटकन सांगतो. पँडोराच्या सातुली कँटीनमध्ये वाडग्यात भात किंवा धान्य, भाज्या, वर टोफू असं निवडून घेता येतं, शाकाहारी माणसाचं पोट भरतं. बाटूवर मांसाचा जोर जास्त, पण तिथलं प्रसिद्ध निळं दूध नारळ आणि तांदळाच्या दुधाचं आहे, बर्फाळ आणि गोड, बिनधास्त प्या. आणि बाहेरचं खाणं दोन्ही पार्कांत चालतं, काचेची बाटली आणि दारू तेवढी नाही, त्यामुळे कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत ठेवा, दुपारी आईबाबांना तेच बरं वाटतं.

खर्चाचा सापळा गॅलेक्सीज एजला आहे. स्वतःची तलवार बनवायचं दुकान, साव्हीज वर्कशॉप, तिथं एका तलवारीचे अडीचशे डॉलर किंवा त्याच्या आसपास, यंत्रमानव बनवायचे शंभराच्या वर. पोराला घरूनच सांगून न्या की कशाला हो आणि कशाला नाही, तिथं दारात उभं राहून नाही म्हणणं फार जड जातं.

मग कोणी काय निवडायचं? आजीआजोबा बरोबर असतील, सिनेमा कुणी बघितलेला नसेल, पोरं लहान असतील आणि थंडीत जाणार असाल तर पँडोरा, आणि त्याच पार्कात खरे वाघ, हत्ती, जिराफ आहेत त्यामुळे दिवस पण वाया जात नाही. घरात एक जण तरी स्टार वॉर्सचा वेडा असेल आणि पोरं दहा-बाराच्या पुढची असतील तर गॅलेक्सीज एज, उन्हाळा असला तरी, कारण ते पार्क साधारणपणे उशिरापर्यंत चालू असतं आणि दिवसा पण त्याची मजा कमी होत नाही. उन्हाळा आहे आणि आजी पण आहे, असं असेल तर मी तरी पँडोराच म्हणेन, सकाळी उघडताना जा आणि चमकणाऱ्या जंगलाची आशा सोडा.

शेवटचं काम इथूनच होतं. फ्लाइट ऑफ पॅसेज आणि राइज या दोन्हीसाठी लाइन टाळायचा लाइटनिंग लेनचा वेगळा पास विकत मिळतो, डिझनीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना 7 दिवस आधी आणि बाकीच्यांना 3 दिवस आधी, तिकडच्या सकाळी 7 वाजता. आपल्याकडे थंडीत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. त्याआधी पार्काचं तिकीट डिझनीच्या ॲपमध्ये जोडून ठेवा आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड हाताशी ठेवा. गर्दीच्या दिवसात हे पास भराभर जातात. आजीचा पास काढायचा की नाही ते त्याआधी तिलाच विचारा, राइडमध्ये बसणार असेल तरच पैसे घाला.