बडोद्यात बसून असमिया शिकले, कोर्स कसा वाटला ते सांगते

सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, असमिया भाषा, साहित्य आणि लोकसंस्कृती. आसाममधल्या एका कॉलेजचा आहे, खाली तक्रार पण आहे म्हणून नाव घेत नाही. शनिवार-रविवार दोन-दोन तास ऑनलाईन. माझी वहिनी जोरहाटची, ती आईशी फोनवर बोलायला लागली की आमची इथली दांडिया बाजारातली सगळी घरची मंडळी नुसती तोंडाकडे बघत बसायची, म्हणून घेतला.

भाषेचा भाग एक नंबर. मॅडमना तिकडे बाइदेउ म्हणतात, म्हणजे मोठी ताई, मला आपल्या शाळेतल्या बाईच आठवल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा च काढून घेतला, लिहायचं चाह आणि म्हणायचं साह. मग श, ष, स गेले, बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी घशातून येणारा खरखरीत ख, म्हणजे असम नाही, ऑखॉम. ट आणि त पण उच्चारात एकच, आता मराठी माणूस ट ला टच म्हणणार ना, दोन आठवडे बाइदेउ हसत होत्या. एक सुख आहे, क्रियापदाला लिंग नाही, तो गेला ती गेली दोघांनाही एकच गॉल.

आणि नाती! माझे वडील मोर देउता, तुझे म्हटलं की तोमार देउतारा, त्याचे वडील तार देउताक. बाप कोणाचा त्यावर शब्दाचं शेपूट बदलतं. एका शनिवारी पूर्ण दोन तास प्रत्येकाच्या घरातली माणसं विचारून हेच घोटून घेतलं, तरी मी घरी वहिनीला तोमार देउताक कसे आहेत विचारलं आणि ती म्हणाली, कोणाचे गं?

साहित्य ठीकठाक, आसामचे संतकवी शंकरदेव (1449 ते 1568) दोन तासात उरकले. 1836 ला इंग्रजांनी कोर्टात आणि शाळेत बंगाली लावली ती 1873 ला हटली, हे मात्र नीट समजावलं, तेव्हा कळलं की असमियाला बंगालीसारखीच आहे म्हटलं की वहिनी का भडकते. लक्ष्मीनाथ बेजबरुआंचं 1911 चं बुढी आइर साधू लावलंय, मला वाटलं कुठल्यातरी म्हातारीचा साधू, तर साधू म्हणजे गोष्ट आणि आइ ती आपलीच आई. त्यातली तेजीमला वाचाच, सावत्र आई पोरीला ढेकीत (भात कांडायचं पायाने चालवायचं यंत्र) कांडून मारते आणि पोरगी भोपळ्याचा वेल होऊन उगवते, शेवटी नदीत कमळ.

लोकसंस्कृतीत मात्र निराशा. चार क्लास पीडीएफ वाचून दाखवली, ती पण आडवी स्कॅन केलेली, मोबाईल फिरवून फिरवून मान दुखली. बिहू तीन, रंगाली, कंगाली, भोगाली, लिहून घ्या. पेपा म्हशीच्या शिंगाचा, गोगोना बांबूची, लिहून घ्या. अरे एकदा वाजवून तरी दाखवा, यूट्यूब लावा काहीतरी!

अपवाद एकच. संक्रांतीच्या आदल्या शनिवारी आमच्या गच्च्यांवर काय पो छे चालू होतं, बाइदेउंनी विचारलं हा कसला गोंधळ, मी फोन खिडकीबाहेर धरून पतंग दाखवले. मग त्यांनी पीडीएफ बंद केली आणि स्वतःच्या गावची उरुका सांगितली, भोगाली बिहूच्या आदल्या रात्री शेतात बांबू आणि पेंढ्याचं भेलाघर बांधायचं, तिथेच रांधून जेवायचं, पोरं शेजाऱ्यांच्या कुंपणाचे बांबू आणि भाज्या पळवणार आणि त्या रात्री कोणी रागवायचं नाही, पहाटे मेजी, म्हणजे आपल्या होळीसारखी रचलेली, पेटवायची. वीस मिनिटं झाली असतील. अख्खा पेपर असा शिकवला असता तर मी फी दुप्पट दिली असती.

घेणार असाल तर रेकॉर्डिंग लगेच डाउनलोड करा, पंधरा दिवसात उडतात. सर्टिफिकेट अजून आलेलं नाही, दोन मेल केले. भाषेसाठी घ्या, लोकसंस्कृतीसाठी घेऊ नका, त्यापेक्षा वहिनी बरी.

परवा व्हिडिओ कॉलवर वहिनीच्या आईला मी विचारलं, आपुनि साह खाब ने? (तिकडे चहा पण खातातच.) त्यावर त्या जे सुटल्या, मला निम्मंच कळलं, पण चहाचा कप आणायला उठल्या एवढं नक्की.