शाळेत पाठवायचं कशाने? रिक्षा, व्हॅन, दुचाकी की एसटी

जळगाव-धुळे महामार्गालगत पाळधी, मुकटी, फागणे अशा गावांत राहत असाल, तर भाडं विचारण्याआधी एक पाहा: मूल रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरणार? घराच्या बाजूला उतरवणारी जुनी रिक्षा पलीकडे सोडणाऱ्या नव्या बसपेक्षा बरी. ट्रक किती लांब आहे, किती वेगात येतोय, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला नीट उमगत नाही.

रिक्षा दारापर्यंत येते. तिची उजवी बाजू आडव्या दांड्यांनी बंद हवी. ड्रायव्हरशेजारी मूल बसवलं की त्याला हँडल मोकळेपणी वळवता येत नाही. बाहेर लटकवलेलं दप्तर उसाच्या ट्रॉलीत अडकतं. हे दिसलं तर दुसरी रिक्षा शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

व्हॅनमध्ये ऊन-पाऊस लागत नाही. मात्र मागचं बाकडं उचलून बघाच. खाली गॅसची टाकी आणि वर मुलं, अशी व्हॅन नको. मदतनीस नसेल तरीही नको: गाडी मागे घेताना तिच्या मागे उभं असलेलं पहिलीतलं पोरगं आरशात दिसत नाही.

दुचाकी सर्वात सोयीची, आणि चुकाही तिच्यावरच जास्त होतात. लहानग्याला स्कूटरवर पुढे उभं करतात. करकचून ब्रेक लागला की त्याची हनुवटी थेट हँडलवर आदळते. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारा हार्नेस हवा, वेग 40 च्या आत. 15 फेब्रुवारी 2023 पासून हा नियमच आहे. चार वर्षांपुढे हेल्मेट कायद्याने सक्तीचं. मोठ्यांचं हेल्मेट मुलाला घालू नका, ते डोक्यावर फिरतं. पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर, हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम दोन बोटं जावीत. एप्रिलच्या उन्हात आपण आत रुमाल बांधतो, त्याने हेल्मेट वर उचललं जातं. म्हणून माप घेताना रुमाल बांधूनच घ्या. मागे बसणाऱ्या मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नसतील तर टाच चाकाच्या तारांत जाते. साडीगार्ड काढून टाकलं असेल तर आजच परत लावा.

दहावीतल्या मुलाच्या हाती गाडी देणं हा पर्यायच धरू नका. अपघात झाला नसला तरी, नुसती गाडी चालवताना सापडला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही 12 महिने रद्द होते.

पाचवीपासून पुढे, थांबा घराच्या बाजूला असेल तर आमची पसंती एसटीला. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. परतीची बस बहुतेकदा पलीकडे थांबते, तिथे रोज घरातलं कुणीतरी उभं राहायला हवं. मुलांना एवढं पक्कं शिकवा: उतरल्यावर बसच्या पुढूनही नाही, मागूनही नाही. बस निघून जाऊ द्यायची, दोन्हीकडचा रस्ता मोकळा दिसला की मगच, मोठ्याचा हात धरून, पलीकडे.